ऐंशीव्या वर्षीचा ‘अर्जुन’

पद्म पुरस्कारांची 2025 ची यादी आली. खाशाबा जाधव तीत नव्हते. त्याच्या दहाच दिवस आधी, 15 जानेवारीला, त्यांच्या जयंतीचा ‘राज्य क्रीडा दिन’ साजरा करून मुंबईने हार घातले. दिल्लीने नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. मरणोत्तर पद्म सहसा देत नाहीत, हा नियम पुन्हा ऐकवला जाईल. पण पद्म पुरस्कार सुरू झाले 1954 मध्ये आणि खाशाबा अपघातात गेले 1984 मध्ये. ती तीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान जिवंत होता, बराच काळ पोलिसांच्या वर्दीत होता. तेव्हा कोणता नियम आडवा आला? स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी 1952 मध्ये हेलसिंकीहून आणले, तेही लोकवर्गणीवर आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. ‘अर्जुन’ मिळाला 2000 चा, म्हणजे ते गेल्यावर. गोळेश्वरच्या कुस्ती संकुलासाठी 2017 मध्ये कुटुंबाला पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली, तेव्हा कुठे सरकारची झोप चाळवली.

सांगलीची कथा वेगळी नाही. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या झेलून अपंग झाले आणि 1972 मध्ये हायडलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण जिंकले. 1982 मध्ये ‘अर्जुन’साठी केलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पद्मश्री आली 2018 मध्ये, आणि ‘अर्जुन’ जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. तोही त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट थिएटरांत येऊन गेल्यावर. सरकारला आपला विजेता पडद्यावर भेटतो! ‘अर्जुन’च्या त्याच यादीत आटपाडीकडच्या करगणीचे सचिन खिलारी आहेत. पॅरिस पॅरालिंपिकचे रौप्य सप्टेंबरात, पुरस्कार जानेवारीत. खिलारींना चार महिने, पेटकरांना बावन्न वर्षे.

आता वेग आला आहे, असे कोणी सांगेल. आला आहे, पण ताज्या पदकांपुरता. कॅमेरे हलले की काय? कुस्ती सुटलेला पैलवान, धावणे थांबलेली मुलगी, यांचे पुढे काय होते हे बघायला कोणाला सवड आहे? ऑलिंपिक दूरच राहिले. जत्रेच्या मैदानांत आयुष्य घालवून गुडघे गमावलेले कितीतरी मल्ल या दोन जिल्ह्यांत आहेत. मानधनासाठी त्यांना कागद घेऊन खेटे घालायला लावू नका. क्रीडा खात्याने स्वतः त्यांच्या दारी जावे. खाशाबांच्या बाबतीत तर नियमाला अपवाद करण्याइतके कारण दिल्लीकडे 1952 पासून पडून आहे.