न्यूट्रल टाक आणि ओढ!

आपल्याकडे गाडी बंद पडली की रस्त्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "न्यूट्रल टाक आणि ओढ." टोचन लावायला दोरी कुणाच्या तरी टेम्पोत असतेच, दोन माणसं सल्ला द्यायला असतात आणि चौथा मागच्या गाडीत बसून ब्रेक सांभाळतो. गाडी गॅरेजला पोचते, चहा होतो, विषय संपतो. आता याच वाक्यावर विसंबून कुणी पन्नास वर्षांची स्पोर्ट्‌स कार साडेतीनशे मैल ओढून आणणार म्हटल्यावर मात्र माझं डोकं फिरतं. आजचा वीकेंड त्यावर.

निमित्त असं की इथे अमेरिकेत माझ्या एका मित्राने 1972 ची एमजीबी घेतली. ज्यांना या प्रकरणाचा गंध नाही त्यांच्यासाठी : एमजीबी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली दोन सीटांची टपाची... म्हणजे टप नसलेली गाडी. पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या ढिगाने अमेरिकेत आल्या. म्हणूनच आजही इथे कुणाच्या ना कुणाच्या कोठारात एखादी धूळ खात पडलेली सापडते. 1,798 सीसीचं इंजिन पुढे, चार गिअरचा बॉक्स मध्ये, ताकद मागच्या चाकांना. वजन टनाच्या आसपास. साधी, सरळ, तेल गळणारी, गोड गाडी.

साहेबांचा प्लॅन असा की टो डॉली भाड्याने घ्यायची. पुढची दोन चाकं डॉलीवर, मागची दोन रस्त्यावर, गिअर न्यूट्रल, चला घरी. "अरे, ऑटोमॅटिक असती तर प्रॉब्लेम. ही मॅन्युअल आहे!"

हा गैरसमज इतका सर्वत्र आहे की त्यावर जरा वेळ घालवायला हरकत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे तेल बंद, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. त्यावरून लोक परस्पर ठरवतात की मॅन्युअलला पंपच नाही, म्हणजे भानगड नाही. पण पंप नाही म्हणजे तेल लागत नाही असं थोडंच आहे? जुन्या मागच्या चाकांच्या गाड्यांत गिअरबॉक्समध्ये खाली एक शाफ्ट असतो, लेशाफ्ट. त्याचे दाते तेलात बुडलेले असतात. तो फिरला की तेल वर उडतं आणि वरच्या शाफ्टवरच्या गिअर्सना, बुशांना, बेअरिंगांना आंघोळ घडते. आता हा लेशाफ्ट फिरवतो कोण? इंजिन, क्लचमार्गे. न्यूट्रलमध्ये गाडी ओढली की मागची चाकं प्रोपेलर शाफ्टला फिरवतात, तो गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टला फिरवतो, आणि लेशाफ्ट मात्र ढिम्म बसून राहतो. वर शाफ्ट गरागरा फिरतोय, खाली तेल शांत तळ्यासारखं. मेनशाफ्टचं पुढचं टोक इनपुट शाफ्टच्या पोकळ टोकात छोट्या बेअरिंगवर टेकलेलं असतं. तिथे तर एक शाफ्ट थांबलेला आणि दुसरा पूर्ण वेगात, तेही कोरड्यात. बिचारं तेच आधी जातं.

सवयीप्रमाणे गणित केलं. ताशी 60 मैल वेगाला या गाडीचं चाक मिनिटाला साधारण साडेआठशे फेरे मारतं. मागच्या एक्सलचं प्रमाण 3.9. म्हणजे मेनशाफ्ट मिनिटाला 3,300 च्या आसपास. साडेतीनशे मैल म्हणजे जवळपास सहा तास. 3,300 गुणिले 60 गुणिले 6... झाले की सुमारे बारा लाख फेरे! आणि कुणी म्हणेल की हळू नेतो, तर हळू नेऊनही फेरे तेवढेच. वेळ जास्त लागेल इतकंच. उष्णता कमी होईल हे मान्य.

आणखी एक हुशारी ऐकली : मागे माणूस बसवायचा, गिअर पहिला, पाय क्लचवर. वरचंच गणित पुढे न्या. पहिल्या गिअरचं प्रमाण साडेतीनच्या आसपास. क्लच प्लेट मिनिटाला अकरा हजारांच्या वर फिरणार. ज्या इंजिनाची लाल रेघ सहा हजारांच्या आसपास संपते, त्याची क्लच प्लेट! तिच्यावरचं लायनिंग सुटून घंटीच्या आत तुकडे झाले तर त्यात गाडीचा काय दोष?

मग आपल्याकडच्या टोचनचं काय? मामाच्या पद्मिनीला कितीदा दोरी लागली, तीही मागच्या चाकांवर चालणारी, काही झालं नाही, असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. नाक्यापासून गॅरेजपर्यंत तीन किलोमीटर, वेग सायकलचा. गिअर्सवर आधीचं तेल चिकटलेलं असतं, तेवढं पुरतं. आणि अमेरिकेतही जुन्या काळी क्लब रेसिंगवाले आपली छोटी गाडी टो बारने मागे लावून रेसला जात, हेही खरं. पण त्यांना गिअरबॉक्स दर सीझनला उघडायचाच असे. शिवाय सगळ्या गाड्या एकसारख्या नसतात. जुन्या बीटलमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात. चाकं फिरली की आतलं मोठं क्राउनव्हील तेल उडवतं. म्हणून ती चाकांवर ओढलेली चालते. बीटलचा अनुभव एमजीबीला लावायचा म्हणजे एका सर्व्हरचं कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर डोळे मिटून कॉपी करण्यासारखं आहे.

माझं मत सरळ आहे : चारही चाकं रस्त्यावरून उचला. फ्लॅटबेड बोलवा, नाहीतर चार चाकी ट्रेलर घ्या. डॉलीच वापरायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट काढा. एमजीबीत मागच्या टोकाला चार बोल्ट आहेत. सोडवायच्या आधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा म्हणजे परत तसाच बसेल, आणि सुटलेलं टोक तारेने लोंबकळत ठेवण्यापेक्षा शाफ्ट आख्खा बाहेर काढा. गाडी उलटी डॉलीवर चढवायची आयडिया तर सोडूनच द्या. मग पुढची चाकं रस्त्यावर, सगळी भिस्त स्टिअरिंग लॉकच्या एका छोट्या खिट्टीवर.

ट्रेलर घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. पहिला प्रश्न ओढणार कोण? ट्रेलर स्वतःच टनभराचा, वर गाडी टनभराची. ऑफिसला जायची छोटी एसयूव्ही इथे कामाची नाही, तिच्या मॅन्युअलमध्ये ओढायची मर्यादा वाचा आणि गप पिकअप भाड्याने घ्या. दुसरं, वजन. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यायला हवा. मागे जास्त झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा का तो हलायला लागला की पुढच्या गाडीलाही नाचवतो. इथे गिअरबॉक्सचा नाही, माणसांचा प्रश्न आहे. एमजीबीचं इंजिन पुढे, त्यामुळे ती तोंड पुढे करून चढवली की बहुतेक जमतं. पोर्शे 911 चं इंजिन मागे. ती तशीच चढवलीत तर जड बाजू नेमकी शेपटीकडे येते. म्हणून ती बरीच पुढे घ्यावी लागते किंवा उलटी चढवावी लागते.

पट्टे चाकांवरून टाका. टायरला मिठी मारणारे पट्टे मिळतात, त्यात सस्पेन्शन मोकळं राहतं आणि गाडी वर जे काय हलायचं ते हलते. एक्सलला पट्टा बांधायचाच असेल तर मागच्या एक्सलवरून जाणारी ब्रेकची बारीक नळी आधी बघा. आणि तारांची चाकं असतील तर कुणी स्पोक्समधून पट्टा ओवायला लागला की त्याचा हात धरा! हँडब्रेक, पहिला गिअर हे सगळं वरून जादा. गाडी धरून ठेवायचं काम पट्ट्यांचंच. बॅटरी सोडवा. पेट्रोलचा वास येतोय का बघा, जुने रबरी पाइप आहेत.

मित्राचं म्हणणं, एवढं करण्यापेक्षा डॉली स्वस्त. फरक किती होता? वीकेंडच्या दोन जेवणांएवढा. आणि ही तीच मंडळी जी कार वॅक्सच्या तीन डब्यांवर याहून जास्त खर्च करतात. चकाकणारा पत्रा सगळ्यांना दिसतो, गिअरबॉक्समधलं बेअरिंग कुणाला दिसत नाही. असो. दोन संध्याकाळी वाद घातल्यावर ट्रेलर आला.

आता त्याला (आणि रस्त्यात टो ट्रक बोलवायची वेळ आली तर तुम्हालाही) दोनच गोष्टी. फोनवर "गाडी बंद पडलीय" एवढंच सांगू नका. "मागच्या चाकांची, खूप खाली बसलेली, फ्लॅटबेडच पाहिजे" असं सांगा. हुकवाला ट्रक आलाच तर नम्रपणे परत पाठवा, तो कितीही "रोज करतो साहेब" म्हणाला तरी. आणि डिकीत दोन लाकडी फळ्या ठेवा, कारण रॅम्पचा चढ तिला पेलत नाही, एक्झॉस्ट घासतो. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांत थांबून पट्टे परत आवळायचे. तेव्हा ते सैल झालेले असतात, हमखास.