ज्यूरी ड्यूटी टाळणाऱ्या माझ्या माणसांस

मंडळी, आज जरा रागावून लिहिते आहे. बाईंचा राग ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढे वाचायचं की नाही ते आपलं आपण ठरवावं!

विषय आहे ज्यूरी ड्यूटीचा. इथे न्यू जर्सीत आपल्या लोकांच्या घरी कोर्टाचं ते पत्र आलं की काय होतं, हे मी गेली कित्येक वर्षं बघते आहे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, हळदीकुंकवाला, नातवंडांच्या वाढदिवसाला, कुठेही विषय निघू दे, ड्यूटी टाळायच्या युक्त्यांची देवाणघेवाण लगेच सुरू. एक म्हणतो, "इंग्रजी नीट समजत नाही असं लिहून टाक." दुसरा म्हणतो, "जज्जनं विचारलं की सांगायचं, माझा पोलिसांवर अजिबात विश्वास नाही. तासाभरात घरी पाठवतात." आणि ज्याला सुटका मिळाली त्याचं काय ते कौतुक! गृहपाठ न करता सुटलेल्या मुलाभोवती वर्गातली पोरं कशी गोळा व्हायची, अगदी तस्सं.

त्यातला तो इंग्रजीचा बहाणा मला फारच लागतो. दिवसभर ऑफिसात इंग्रजीत मीटिंगा घेणारी, घरात मुलांशीसुद्धा इंग्रजीत बोलणारी माणसं कोर्टाचा कागद बघितला की एकदम 'मराठी माध्यमाची' होतात. अहो, मराठी माध्यमाची मी आहे! बी.ए.सुद्धा मराठीतून केलं. उभा जन्म शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर लेकीकडे आले, रीतसर वाट बघून २०१६ साली नागरिक झाले. माझ्या वेळी त्या परीक्षेसाठी १०० प्रश्नांची यादी पाठ करावी लागे. त्यात एक प्रश्न होता: फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोन, ज्यूरीत बसणं किंवा केंद्रीय निवडणुकीत मतदान करणं. यातलं एक उत्तर आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. पास व्हायला ज्यूरी चालते आणि पास झाल्यावर तिची कटकट होते, हा कुठला न्याय?

मला पत्र आलं २०१८ मध्ये. भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्या वयाला कशाला ही दगदग? सांग की गुडघे दुखतात." गुडघे दुखतातच, पण बसायला कुठे गुडघे लागतात? गेले मी.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण सिनेमात दाखवतात तसं तिथे काही नसतं. सकाळी दारावर तपासणी. (विणकामाच्या सुया अडवतील म्हणून मी पुस्तक नेलं होतं.) मग मोठ्या दालनात खुर्च्यांच्या रांगा आणि वाट बघणं. आधी एक छोटी फीत दाखवतात, ज्यूरीचं काम काय ते सांगणारी. नंतर पुन्हा वाट बघणं. नावं पुकारली की घोळक्यानं कोर्टात जायचं. तिथे न्यायाधीश एकेकाला प्रश्न विचारतात: घरात कोणी पोलिसात आहे का, तुमच्या बाबतीत कधी गुन्हा घडलाय का, साक्षीदार पोलीस असला म्हणून त्याच्यावर जास्त किंवा कमी विश्वास ठेवाल का. मी शिक्षिका होते म्हटल्यावर न्यायाधीशबाईंनी विचारलं, दोन मुलं भांडण घेऊन आली तर खरं कोणाचं हे तुम्ही कसं ठरवायचात? मी म्हणाले, दोघांचं पूर्ण ऐकायचे, आणि तरीही कळलं नाही तर कुणालाच शिक्षा करायची नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन्ही वकिलांनी मला ठेवून घेतलं. शपथ देवाच्या नावानं घ्या किंवा नुसतं सत्य वचन द्या, दोन्ही चालतं.

आम्ही चौदा जण बसलो. शेवटी चिठ्ठ्या काढून त्यातले दोघे 'राखीव' म्हणून बाजूला केले. पण ते अगदी शेवटी, म्हणून सगळ्यांना सगळं मन लावून ऐकावं लागतं. (ही युक्ती मला वर्गात सुचायला हवी होती!) घरी खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, इंटरनेटवर काही शोधायचं नाही. लेक रोज जेवताना माझ्या तोंडाकडे बघायची, मी आमटी वाढायची.

खटला रात्रीच्या वेळी एका दुकानात झालेल्या लुटीचा. ओळख पटेल असा तपशील देत नाही. आरोपी विशीतला पोरगा. मुख्य साक्षीदार गल्ल्यावरचा माणूस, आपल्याकडचा, गुजराती. इंग्रजी कामापुरतं. सरकारी वकिलांनी विचारलं, हाच तो का? तो म्हणाला "येस", आणि आपण हलवतो तशी डावी-उजवीकडे मान डोलावली.

विचारविनिमयाच्या खोलीत यावरूनच ठिणगी पडली. आमच्यात एक शाळेच्या बसचे चालक होते, मोठा सरळ माणूस. ते म्हणाले, "हा तोंडानं हो म्हणतो आणि मानेनं नाही म्हणतो. खोटं बोलतोय." आणखी तिघांनी माना हलवल्या, त्यांच्या पद्धतीनं, वर-खाली! तेव्हा मला बोलावं लागलं. म्हटलं, आमच्याकडे 'हो' असंच म्हणतात. मी करून दाखवलं, दोघांनी तशी मान हलवून बघितली, खोलीत थोडं हसू झालं. पण त्यानंतर त्या माणसाला कोणी खोटारडा म्हटलं नाही.

आता पुढचं नीट वाचा. आम्ही त्या पोराला 'दोषी नाही' ठरवलं. पहिल्यांदा हात वर केले तेव्हा सात जण दोषी म्हणणारे, चार नाही म्हणणारे, आणि मी कुठेच नाही. इथे फौजदारी खटल्यात बाराच्या बारांचं एकमत लागतं. दोन दिवस आम्ही एकेक पुरावा पुन्हा चाळला. गल्ल्यावरचा माणूस खरं बोलत होता, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण खरं बोलणारा माणूस चुकू शकतो. लुटारूच्या डोक्यावर टोपी ओढलेली, उजेड कमी, सगळा प्रकार काही सेकंदांचा, आणि त्या ओळखीखेरीज दुसरा धड पुरावा नाही. वाजवी संशय उरला की आरोपी सुटतो, हे न्यायाधीशबाईंनी चार-चारदा सांगितलं होतं.

नंतर हे मी मंडळात सांगितलं तर एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आपल्या माणसाच्या विरुद्ध निकाल दिलात!" मी अवाक् झाले. मी तिथे आपल्या माणसाची वकील म्हणून गेले नव्हते. आपल्या माणसाची साक्ष बाकीच्या अकरा जणांना समजावी, एवढंच माझं तिथे असणं उपयोगी पडलं. साक्ष समजल्यावर ती त्या पोराविरुद्ध पुरेशी आहे का, हा प्रश्न वेगळा. उद्या तुमचाच मुलगा त्या आरोपीच्या खुर्चीत बसला, तर तुम्हाला असाच हिशेब करणारी बारा माणसं हवी असतील. ती कुठून येणार? तुमच्या-आमच्या घरातूनच ना? बहाणे करून सगळे शहाणे सुटले, तर उरलेल्यांवर नशीब सोपवायचं.

मी इतिहासाची शिक्षिका, तेव्हा थोडा इतिहास ऐकाच. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ते 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ च्या कायद्यानं. टेक्ससच्या जॅक्सन काउंटीत तर मेक्सिकन वंशाचे लोक नागरिक असूनही २५ वर्षांत त्यांच्यातला एकही माणूस ज्यूरीत बसला नव्हता. पीट हर्नांडेझ नावाच्या आरोपीच्या वकिलांनी हे सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि १९५४ साली एकमतानं जिंकलं. त्या खुर्चीसाठी लोक असे भांडले आहेत. आपल्याला घरपोच निमंत्रण येतं आणि आपण ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून विसरतो.

आणि आपल्या घरचंच उदाहरण घ्या. १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सरकारनं त्यांच्यापुढे ठेवली इंग्रजी भाषांतरं. टिळक स्वतः आपली बाजू मांडायला उभे राहिले, भाषांतरात शब्दांचे अर्थ कसे वाकडे झालेत ते परोपरीनं सांगितलं. निकाल लागला ७ विरुद्ध २, दोषी. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना नेहमी विचारायची, त्या नऊ जणांत मराठी वाचणारे चार-पाच असते तर? त्या वेळी आपल्याला तिथे बसवलं गेलं नाही, हा आपल्यावरचा अन्याय होता. आज बसा म्हणतात तर आपण पळतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आता पुण्याची मंडळी. त्यांचा सूर निराळा. "सामान्य लोकांना कायद्यातलं काय कळतं? नानावटी प्रकरणात बघितलं ना! म्हणून तर आपल्याकडे ज्यूरी बंद झाली." सिनेमा पाहून इतिहास शिकलं की असं होतं. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीनं नानावटींना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, हे खरं. पण सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. ज्यूरी चुकली तर सावरायची सोय होती आणि ती वापरलीही गेली. पुढे १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली ती राज्यपालांकडून, ज्यूरीकडून नव्हे! शिवाय ज्यूरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगानं १९५८ मध्येच केली होती, म्हणजे नानावटींनी गोळ्या झाडण्याच्या आधीच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती पद्धत राहिली नाही. भारतात ती परत आणावी का, हा वाद मी आज घालत नाही. पण "सामान्य माणसाला कळत नाही" हे मात्र मला मान्य नाही. आमच्या खोलीत बसचालक होते, गोदामात तासावर काम करणारी बाई होती, परिचारिका होती, कॉलेजातला मुलगा होता. कायदा न्यायाधीशबाईंनी समजावला. कोण खरं बोलतोय, कोण चुकतोय, कोणाच्या सांगण्यात काय राहून गेलंय, हे ओळखायला माणसांत वावरलेली माणसं लागतात. ती तिथे होती.

खऱ्या अडचणी असतात, नाही कोण म्हणतंय? तान्हं मूल असतं, आजारपण असतं, भारताची तिकिटं काढलेली असतात. त्यासाठी तारीख पुढे मागता येते, आणि खरं कारण असेल तर लोक समजून घेतात. पैशाची तक्रार तर रास्तच आहे. माझ्या वेळी पहिले तीन दिवस रोजचे ५ डॉलर आणि पुढे ४०. सहा दिवसांचे मला १३५ डॉलर मिळाले. माझं पेन्शनवर भागतं, पण त्या गोदामातल्या बाईचा रोज बुडत होता. तरी ती रोज वेळेवर यायची. पगारी रजा मिळणारे आपले लोक मात्र युक्त्या शोधत होते! तो भत्ता वाढावा म्हणून आमदाराला पत्र लिहा, मी सही करते. पण खोटं सांगून सुटू नका. कोर्टाला खोटं सांगून सुटायचं आणि संध्याकाळी मुलांना संस्कारवर्गाला सोडायचं, हे दोन्ही एका घरात शोभत नाही.

इथे पंचाहत्तरी गाठली की मागितल्यावर सूट मिळते. मला अजून थोडा अवकाश आहे, आणि तेवढ्यात पुन्हा पत्र आलं तर मी जाणार आहे. तुमचं आलं की प्रश्नावली खरी भरा, सोबत एक पुस्तक घ्या, डबा घ्या आणि जा. बऱ्याचदा एका दिवसात घरी पाठवतात. निवड झालीच, तर आयुष्यात एकदा तरी कळेल की दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेणं किती अवघड असतं.

असो. रागावले असेन तर मोठी म्हणून सोसा. ज्यांना पटलं नाही त्यांनी खाली जरूर लिहा. फक्त टाळायच्या नव्या युक्त्या लिहू नका, मी त्या पुसून टाकेन!