वांझ फूल

परवा सास्तूरला आत्याकडे दोन दिवस राहून आले. १९९३ च्या भूकंपानंतर मिळालेल्या घरापुढे तिनं सीताफळ लावलंय आणि कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल सोडलाय. सकाळी भज्यांसाठी फुलं तोडताना म्हणाली, "मागं गाठ नसलेलीच तोड बाई. ती वांझ फुलं."

मी थबकलेच. ती ज्यांना वांझ म्हणत होती ती नर फुलं! मादी फुलाच्या मागे जो इवलासा भोपळा दिसतो, तो त्याचा अंडाशय. आत बीजांडं आणि वर फुलात कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा चिकट भाग. शाळेत आपण 'जायांग'ची आकृती काढली, नावं दिली, मार्क मिळवले आणि विसरलो.

भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर तो छोटा भोपळा पिवळा पडून गळतो. आपण म्हणतो, धरलंच नाही. अहो, पण पराग पोचलाच नाही तर धरणार कसं? आणि सगळी 'वांझ' फुलं तोडून टाकली, तर वेलाला एकही भोपळा लागणार नाही.

सीताफळाची तर आणखी गंमत. दोन्ही भाग एकाच फुलात, पण वेळ जुळत नाही. कुक्षी आधी तयार होतात, पराग नंतर सुटतो. छोटे भुंगे दुसऱ्या फुलावरून पराग आणतील तेव्हा फळ धरणार. फुलात स्त्रीकेसर पुष्कळ असतात आणि पुढे फळाचा एकेक डोळा एकेका स्त्रीकेसरापासून होतो. काहींनाच पराग मिळाला की फळ एका बाजूला दबतं. म्हणून काही बागायतदार ब्रशनं पराग लावतात. झाडाला नावं ठेवत बसत नाहीत.

माणसांत मात्र आपण हेच करतो. आत्याला मूल झालं नाही. नवस, उपास, अंगारे सगळे तिनं केले. डोहाळजेवणात तिला कुणी ओटी भरू देत नसे. आतोबांची तपासणी एकदाही झाली नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषातही असतं, असं आज कुठलाही डॉक्टर सांगेल. तेव्हा विचारलं कुणी? दोष त्यांचा होता असंही मी म्हणत नाही. पण न बघताच निकाल लागला, तोही एकटीवर.

मी दोन्ही फुलं उघडून आत्याला दाखवली. तिनं बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "म्हंजे ह्यो गडी हाय. आन् नाव ठिवलं बाईचं!" आणि भज्यांचं पीठ भिजवायला आत गेली.

मला वाटतं, हा शब्द आधी परसातून काढावा. तिथून गेला, तर कदाचित घरातूनही जाईल. नर फूल म्हणायला काय जड आहे?

तुमच्याकडे काय म्हणतात या फुलांना?