पाळीबदलातील जोखीम

१९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला राहावयास गेले. पुढील काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. त्या काळात पत्नी भानुमतीबाईंनी केलेली त्यांची शुश्रूषा मराठी रसिकांना परिचित आहे. घरच्या अशा शुश्रूषेत रात्र कशी गेली, औषध केव्हा दिले, कोणते सोसले नाही, हे सारे एकाच व्यक्तीच्या स्मरणात असते. रुग्णालयात मात्र दिवसाच्या तीन पाळ्यांत परिचारिका बदलतात, आणि रुग्णाची माहिती प्रत्येक वेळी नव्या हाती सोपवावी लागते. त्यात एखादी गोष्ट सांगावयाची राहिली, तर दिलेले औषध पुन्हा दिले जाते किंवा द्यावयाचे राहून जाते.

पवारांच्या राजवटीखालील धार आणि देवास ही आज मध्य प्रदेशातील जिल्ह्यांची ठिकाणे आहेत. तेथील गंभीर रुग्णांना इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा आधार घ्यावा लागतो. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. भिली बोलणाऱ्या रुग्णाला आपली हकीकत अनोळखी परिचारिकेस सांगता येईलच असे नाही. अशा वेळी सोबतचा कागद हीच त्याची वाणी होय. सिंधुदुर्गातून बांबोळीस येणाऱ्या रुग्णांमुळे हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे.

यावरील उपाय खर्चिक नाही. सद्यःस्थिती, पूर्वेतिहास, परिचारिकेचे अनुमान आणि पुढे काय करावयाचे, या चार गोष्टी ठरावीक क्रमाने सांगण्याची पद्धत अमेरिकी नौदलाकडून रुग्णालयांत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली तिचा पुरस्कार केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांना अशाच एका शिस्तबद्ध पद्धतीचे शिक्षण देण्यात आले, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

तथापि केवळ छापील तक्ता टांगून हे साधणार नाही. एका परिचारिकेवर वाजवीपेक्षा अधिक खाटांचा भार असेल आणि पाळी संपताच तिला घरची बस गाठावयाची असेल, तर तो तक्ता डोळे मिटून भरला जाईल. म्हणून दोन पाळ्यांच्या मध्ये काही मिनिटे राखून ठेवावीत आणि ती कामाच्या वेळेतच धरावीत. माहिती रुग्णाच्या खाटेपाशी द्यावी. ऐकणारीने महत्त्वाचे मुद्दे पुन्हा म्हणून दाखवावेत. दुसऱ्या गावी पाठविलेल्या रुग्णाबाबत कागदाच्या जोडीला दूरध्वनीही करावा. चूक घडल्यावर परिचारिकेस कारणे दाखवा नोटीस देण्याची तत्परता शासन नेहमीच दाखविते. चूक टाळण्यास लागणारा वेळ आणि मनुष्यबळ देण्याची तत्परता त्याने आधी दाखवावी. पाळी बदलली तरी रुग्ण तोच असतो, याचे भान व्यवस्थेने ठेवावयास हवे.