मित्रांसोबतची सहल आणि खिशातील चिठ्ठी

बीडहून ज्येष्ठांचे मित्रमंडळ खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानाला निघाले, की घरच्यांना धास्ती वाटते ती ‘नायट्रो’सारख्या वेगवान रोलरकोस्टरची. ती रास्तच आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मानेचे दुखणे किंवा ठिसूळ हाडे असणाऱ्यांनी त्यात बसू नये. परंतु धोका जमिनीवरही असतो: उन्हातील रांग, लांबलेले जेवण आणि वारंवार लघवीला जावे लागेल म्हणून टाळलेले पाणी.

मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर रक्तातील साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. सोबत मुलगा-सून नसतात. मित्रांना आजाराची कल्पना नसल्यास ते थट्टा समजतात. म्हणून संकोच सोडून एका मित्राला आजार सांगावा आणि औषधांची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवावी. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. 15 मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एवढी तयारी असल्यास घरच्यांनी ज्येष्ठांना अडवू नये. मित्रांसोबतचा दिवस हाही प्रकृतीला मानवणारा आहारच आहे.