पांचवीच्या पोराची पारख कोण करणार?

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश-परीक्षेचे अर्ज बहुधा पावसाळ्यांत निघतात आणि परीक्षा हिंवाळ्यांत होते. अर्ज निघाल्याची वर्दी तालुक्याच्या पेठेंत त्याच दिवशीं पोंचते; वस्तीवर ती पोंचते तेव्हां मुदत संपलेली असते, किंवा ती पोंचतच नाहीं. एवढ्या एका कारणानें आमच्या खेड्यांतील किती बुद्धि दरसाल मातीस मिळते याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं आधीं थोडी माहिती देतों. खेड्यांतील हुशार मुलांसाठीं दर जिल्ह्यास एक निवासी शाळा असावी असें १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत ठरलें. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ सालींच निघाल्या होत्या. एक हरियाणांत झज्जर येथें व दुसरी आपल्या अमरावतीस. आज देशांत अशा साडेसहाशेंवर शाळा आहेत. सहावीपासून बारावीपर्यंत राहणें, जेवण, कपडे, पुस्तकें सर्व सरकारचें. नववीपासून मात्र कांहीं मुलांकडून दरमहा ६०० रुपये विकास-निधि घेतात. मुलींस, अनुसूचित जाति-जमातींच्या मुलांस व दारिद्र्यरेषेखालील घरांस तो माफ आहे. एका शाळेंत सहावीस फार तर ८० जागा. त्यांपैकीं निदान पंचाहत्तर टक्के खेड्यांत शिकणाऱ्या मुलांसाठीं आणि एक तृतीयांश मुलींसाठीं. परीक्षेस बसावयाचें तें पांचवींत असतांना, आणि जन्मांत एकदांच. यंदां राहिला तर पुढल्या सालीं बसवूं, हें येथें चालत नाहीं.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची. मराठींतून देतां येते. गणित व भाषा मिळून निम्मे गुण. उरलेले निम्मे, म्हणजे ४० प्रश्नांचे ५० गुण, बुद्धिमापनाचे. हे ४० प्रश्न सगळे आकृत्यांचे असतात. चारांतील वेगळी आकृति कोणती, अर्धवट नक्षी कशी पुरी होईल, आरशांत हीच आकृति कशी दिसेल, कागदाची घडी घालून भोंक पाडलें तर उलगडल्यावर भोंकें कोठें कोठें दिसतील, असे ते प्रश्न.

वाचकहो, हे प्रश्न आम्हीं मुद्दाम उलगडून सांगितले, कारण ही विद्या आमच्या घरांत आधींच नांदत आहे. शिंप्याचें पोर दुहेरी घडीवर कात्री चालवितांना बापाच्या हाताकडे पाहतें, आणि उलगडल्यावर गळा कसा निघेल हें त्यास कात्री चालण्यापूर्वींच दिसत असतें. सुताराची पोर दोन फळ्यांचा सांधा जमेल कीं नाहीं हें नुसत्या नजरेनें सांगते. कोष्ट्याच्या घरीं काठाची नक्षी कोठें तुटली हें मुलांस कोणी शिकवीत नाहीं. माळ्याचा पोरगा बाजारांत भेंडीच्या पाटीशीं बसून अडीच पावशेरांचा हिशेब तोंडीं करतो व उरलेले पैसे परत देतो. हीच बुद्धि छापील कागदावर आकृत्यांच्या रूपानें समोर आली म्हणजे तो बिचकतो, कारण असा कागद त्यानें कधीं पाहिलेला नसतो. उत्तर ठाऊक असून गोल कोणता व कसा काळा करावा यांतच त्याचीं पहिलीं दहा मिनिटें जातात. शहराजवळच्या क्लासांतला मुलगा मात्र तसे शंभर कागद सोडवून आलेला असतो. दोघांच्या गुणांत जो फरक पडतो तो सगळाच बुद्धीचा असतो काय?

मुलांची बुद्धि मापण्याची ही रीत पॅरिसास १९०५ सालीं आल्फ्रेड बिने यांनीं घालून दिली. त्यांचा हेतु कोणावर मठ्ठपणाचा शिक्का मारण्याचा नव्हता. शाळेंत मागें पडणाऱ्या कोणत्या मुलास निराळी मदत पाहिजे तें ओळखावें एवढाच होता. पुढें १९३० नंतरच्या दशकांत धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनीं त्याच धर्तीच्या चाचण्या मराठी व कानडी मुलांसाठीं बसविल्या. म्हणजे आमच्या भाषेंत हें काम होऊन नव्वदांच्या आसपास वर्षें झालीं. तथापि आजहि अशी तपासणी शहरांतील मानसशास्त्रज्ञाकडे फी भरून होते, आणि गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाच्या पोरास तिचें नांवहि ठाऊक नसतें. त्याच्या वांट्यास त्यांतल्या त्यांत येते ती ही नवोदयची परीक्षा व शाळेंतली शिष्यवृत्ति-परीक्षा.

आतां मूळ प्रश्न असा कीं, परीक्षेस कोणास बसवावयाचें हें ठरवितो कोण? कायद्यानें दार सर्वांस उघडें आहे. प्रत्यक्षांत ज्या बापास अर्ज मागण्याचें सुचतें त्याचाच मुलगा बसतो, नाहींतर ज्याच्यावर मास्तरांची नजर पडते तो बसतो. मास्तरांच्या नजरेविषयीं आम्ही स्वतः मास्तर असल्यामुळें स्पष्ट लिहितों. ज्याचा सदरा धुतलेला, अक्षर वळणदार आणि बोलणें अदबीचें, तो मुलगा आम्हां लोकांस हुशार वाटतो. जो भलतेच प्रश्न विचारतो, बेरीज आधींच झाल्यामुळें शेजाऱ्याच्या खोड्या काढतो आणि आठवड्यांतून दोन दिवस शेळ्यांमागें असतो, तो द्वाड ठरतो. पुष्कळदां खरी बुद्धि या द्वाडापाशीं असते. मुली तर शांत बसतात म्हणून दिसतच नाहींत.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेविलें होतें. चढाओढीनें शिष्यवृत्त्या देण्याची रीत वरवर न्यायाची दिसली तरी तिच्यामुळें इतर वर्गांत विद्या पसरत नाहीं, असें त्यांनीं सरकारास सांगितलें. त्या सांगण्यास एकशें चाळीसांवर वर्षें लोटलीं. आजहि दार उघडें ठेवून हाक न मारण्याची तऱ्हा कायम आहे.

हाक मारली म्हणजे काय होतें याचा एक दाखला दूरच्या देशांतला असला तरी घेण्यासारखा आहे. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याच्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यांत बुद्धिमान मुलांच्या खास वर्गासाठीं आईबाप व मास्तर जीं नांवें सुचवितील त्यांचीच तपासणी होत असे. २००५ सालीं तेथें दुसरींतील झाडून साऱ्या मुलांस आकृत्यांची चाचणी देण्याचें ठरलें. डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनीं त्याचा तपास करून २०१६ सालीं तो प्रसिद्ध केला. पात्रतेची पायरी तीच होती; तरी गरीब, काळ्या व स्पॅनिश वळणाच्या घरांतील मुलांची त्या वर्गांतील संख्या पुष्कळ वाढली. हीं मुलें आधींहि त्याच शाळांत होतीं, फक्त त्यांचें नांव कोणी घेतलें नव्हतें. पुढें पैशाची टंचाई आली, सरसकट चाचणी बंद पडली, आणि पुन्हां पहिल्यासारखेंच झालें. हेंच कार्ड पुढें २०२१ सालीं, निराळ्या कामासाठीं, नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

आमची मागणी यावरून उघड आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेंतील पांचवीच्या प्रत्येक मुलास, मागो अगर न मागो, जुलै महिन्यांत आकृत्यांचा एक सराव-कागद शाळेंतच द्यावा आणि अर्ज शाळेनेंच भरावा. जेथें पांचवीचा वर्ग नाहीं तेथें हें काम चौथीच्या अखेरीस करून ठेवावें. यास इमारत लागत नाहीं कीं नवें खातें लागत नाहीं; चार पानें छापावीं लागतात.

ऊंसतोडीच्या घरांची अडचण याहून बिकट आहे. अर्ज भरला जातो तेव्हां पोर गांवांत असतें. परीक्षा येते तेव्हां तें आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर, कधीं दुसऱ्या जिल्ह्यांत, कधीं कर्नाटकांत असतें. परीक्षा मात्र आपल्याच जिल्ह्यांत द्यावी लागते. एका दिवसाच्या परीक्षेसाठीं कोयता कोण खाली ठेवील, उचल कोण फेडील? अशा पोरांसाठीं हंगामी वसतिगृहें आहेत. जेथें तीं चालतात तेथें परीक्षा होईपर्यंत तरी पोरास आजीपाशीं वा वसतिगृहांत मागें ठेवावें, अशी आमची मुकादमांस व आईबापांस कळकळीची विनंति आहे. शाळा व्यवस्थापन समितीनें अशा मुलांस परीक्षेच्या गांवीं नेण्या-आणण्याचा खर्च उचलावा. जत्रेच्या वर्गणीपुढें तो काय आहे?

आणखी एक गोष्ट बोलणें जरूर आहे. खेड्यांतील मुलांच्या जागांसाठीं तिसरी, चौथी व पांचवी खेड्यांतल्या शाळेंत झालेली असावी लागते. यावर कांहीं शहाण्यांनीं तोड काढली आहे. मुलगा राहतो शहरांत, शिकतो क्लासांत, आणि नांव मात्र पंधरा मैलांवरच्या वाडीच्या शाळेच्या पटावर! मास्तर पटसंख्या टिकते म्हणून डोळेझांक करतात. आमच्या धंद्यांतील बांधवांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं पटावरचा हा पाहुणा त्यांच्याच वर्गांतील दुसऱ्या एका पोराची जागा घेऊन जातो.

कित्येक माउल्या म्हणतात, अकरा वर्षांचें लेकरूं परक्या ठिकाणीं कसें धाडावें? ही माया खोटी नाहीं. सर्वच मुलें तेथें रमत नाहींत. कांहीं रडून परत येतात. आठवीपर्यंत मातृभाषेंतून शिकून पुढें गणित व विज्ञान इंग्रजींतून घ्यावें लागतें, तेंहि कांहींस जड जातें. म्हणून पोराशीं बोलून, जमल्यास एकदां शाळा दाखवून मग ठरवावें. परंतु मुलगी आहे म्हणून नाहीं, एवढें एक कारण आम्हांस मान्य नाहीं. तिच्यासाठीं जागा राखलेल्या असतां त्या मोकळ्या सोडणें म्हणजे आपलें शेत दुसऱ्यास वाहूं देणें होय.

ज्यांची निवड होत नाहीं ते मठ्ठ, असें मात्र कोणी समजूं नये. अख्ख्या जिल्ह्यांत ८० जागा. ऐंशींवा व एक्याऐंशींवा यांत काय अंतर असणार! त्यांच्यासाठीं राज्याची शिष्यवृत्ति-परीक्षा आहे. ती २०१७ पासून पांचवी व आठवीस होत आली, आणि ती पुन्हां चौथी व सातवीस नेण्याचें शासनानें २०२५ सालीं ठरविलें. शिवाय आठवींत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचें उत्पन्न सालीना साडेतीन लाखांच्या आंत असून मूल सरकारी अगर अनुदानित शाळेंत शिकत असेल आणि निवडींत आलें, तर नववीपासून चार वर्षें दरसाल १२,००० रुपये मिळतात. तेवढ्यांत पोराचें शिक्षण तुटण्यावांचून राहतें, हें आम्ही पाहत आहों.

नवोदयच्या अर्जास फी नाहीं. सेवा केंद्रावर भरण्याची मजुरी पडेल तेवढीच. मुलाचा फोटो, मुलाची व पालकाची सही आणि मुख्याध्यापकाचा दाखला एवढें जवळ ठेवावें. वयाच्या तारखा ठरलेल्या असतात, आणि आमच्याकडे निम्म्या पोरांचा जन्म मास्तरांनीं १ जूनला लावून दिलेला असतो! तेव्हां दाखल्यावरची जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीशीं आतांच ताडून पाहावी. अर्जाच्या आठवड्यांत चूक सांपडली तर दुरुस्तीस वेळ उरत नाहीं.