बीडच्या पोरांना म्युझियम कशाला?

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २०१३ ची बॅच, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळातली. यंदा शाळेसाठी काहीतरी करू म्हणून सगळ्यांनी पैसे काढले आणि बऱ्यापैकी रक्कम जमली. काय करायचं यावर चर्चा सुरू झाली तेव्हा मी लिहिलं, ‘आठवीच्या पोरांना दोन दिवस मुंबईला नेऊ. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर दाखवू, फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवू.’

पाच मिनिटांत उत्तरं आली.

‘सहलीत कशाला पैसे घालायचे?’

‘सगळं यूट्यूबवर आहे आता.’

‘त्यापेक्षा नीटची टेस्ट सिरीज घेऊन देऊ. एखादा तरी डॉक्टर होईल.’

‘आधी पाणी द्या म्हणावं बीडला, मग म्युझियम.’

शेवटच्या मेसेजला सगळ्यात जास्त अंगठे पडले. मग मतदान झालं आणि वर्गात मोठा स्मार्ट टीव्ही बसवायचं ठरलं. मी ग्रुपवर भांडलो नाही. सगळे मित्रच आहेत, लग्नकार्यात भेटतात. ते भांडण इथे करतोय.

आधी माझं कुळ सांगतो. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटरी उघडायच्या, करपलेली तार काढायची, नवीन कॉइल भरायची, वॉर्निश मारायचं. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर कोरडी चालते आणि जळते. त्यामुळे दुष्काळात सगळं गाव रडत असताना आमच्या दुकानात रांग असायची. माझी इंजिनिअरिंगची फी त्या रांगेतून आली, हे मी विसरत नाही.

चारेक वर्षांपूर्वी मी नवी मुंबईत नोकरीला होतो तेव्हा अण्णा आठवडाभर राहायला आले. समुद्र बघून झाला, सिद्धिविनायक झालं. रविवारी कुठे न्यायचं म्हणून मी त्यांना वरळीला घेऊन गेलो. मीही पहिल्यांदाच जात होतो. वय वर्षं चोवीस, हातात इंजिनिअरिंगची डिग्री, आणि सायन्स म्युझियम कधी पाहिलेलं नाही.

बाहेरच्या बागेत मारुत लढाऊ विमान आहे, वाफेचं इंजिन आहे, जुनी ट्राम आहे. अण्णांनी इंजिनाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. मग इकडेतिकडे पाहून मला विचारलं, ‘कुणी वरडायचं तर न्हाई ना?’ मी म्हणालो, ‘अण्णा, इथं हात लावायसाठीच ठेवलंय सगळं.’ त्यानंतर ते माझ्या हाताला लागले नाहीत.

तासाभराने सापडले ते एका उभ्या तांब्याच्या नळीपाशी. तुम्हाला हा प्रयोग माहीत असेल. नळीत वरून लोखंडाचा तुकडा सोडला की तो खट्‌कन खाली येतो. तेवढाच चुंबकाचा तुकडा सोडला तर तो तरंगल्यासारखा सावकाश उतरतो. पडणाऱ्या चुंबकामुळे तांब्यात वीज फिरायला लागते, त्या विजेचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते पडणाऱ्या चुंबकाला अडवतं. अण्णांनी तो चुंबक दहा-बारा वेळा सोडला. मागे दोन पोरं नंबर लावून उभी होती, त्यांचा पत्ताच नाही.

‘ह्ये तांब्याला चिकटत तर न्हाई. मग ह्याला धरून कोण ठिवायलंय?’

मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. पुन्हा सोडला. नळीच्या तोंडात डोळा घालून पाहिलं. मग म्हणाले, ‘मंजी ही आपली मोटरच हाय, उलटी.’

बरोबर होतं ते. वीज देऊन फिरवली की मोटर, फिरवून वीज काढली की जनरेटर. तीस वर्षं तांब्याची तार गुंडाळलेला माणूस, आठवी शिकलेला, स्वतःच्या हाताने लेन्झच्या नियमापाशी येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. आणि मी? मी बारावीला त्या नियमावर पूर्ण मार्क घेतले होते. समीकरणात उणे चिन्ह कुठे येतं ते मला पाठ होतं. ते चिन्ह बोटांना कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता एकेका उत्तराकडे येतो.

‘सगळं यूट्यूबवर आहे’

आहे. मान्य. तांब्याच्या नळीचे व्हिडिओही आहेत, सुंदर आहेत. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे. शिकण्याचं ॲप बनवण्याच्या कामावर दोन वर्षं काढलीत, म्हणून आतली गोष्ट सांगतो. स्क्रीनवर जे घडतं ते आम्ही आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही कुठेही बोट लावा, त्याचं उत्तर कोणीतरी लिहून ठेवलेलंच असतं. आमच्या ॲपमध्ये चुंबक हळू पडतो कारण मी त्याचा वेग हळू ठेवलाय. मी जोरात ठेवला असता तर तो जोरात पडला असता आणि एकाही पोराला शंका आली नसती.

खऱ्या नळीला कोणी काही सांगितलेलं नसतं. तुम्ही चुंबक उलटा सोडा, दोन सोडा, नळी तिरकी करा. जे होईल ते होईल. कधी तुमचा अंदाज चुकतो आणि ते चुकणंही मजेचं असतं, कारण समोर परीक्षक नसतो. वस्तू आपल्या हाताला स्वतःहून उत्तर देते, त्याचा आनंद वेगळा आहे. तो डाउनलोड होत नाही. ज्या घरात इतर सुखं आहेत त्या घरातल्या पोरांना तो मिळतो, आणि आमच्या पोरांना त्याचा व्हिडिओ मिळतो. यालाच आपण डिजिटल समानता म्हणतो.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती. काचेचं कपाट, कपाटाला कुलूप. आत एक लोलक होता आणि एक मानवी सांगाडा. पाच वर्षांत कुलूप दोनदा उघडलं, दोन्ही वेळा तपासणीला साहेब येणार होते म्हणून. आता त्या कपाटाशेजारी टीव्ही लागणार. त्यालाही हात लावू देणार नाहीत.

‘त्यापेक्षा टेस्ट सिरीज’

‘ओपनहायमर’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात रॉबर्टचा धाकटा भाऊ आहे, फ्रँक. तोही भौतिकशास्त्रज्ञ. कम्युनिस्ट असल्याच्या जुन्या इतिहासावरून १९४९ साली त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. मग त्याने कोलोरॅडोत गुरं पाळली, पुढे तिथल्याच गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्या अनुभवातून आणि युरोपातली म्युझियमं पाहून त्याने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उभं केलं. हात लावा, फिरवा, ढकला अशा पद्धतीच्या म्युझियमांचा जगभर प्रसार होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

ही गोष्ट मला आवडते ती त्यातल्या गुरांमुळे. प्रयोगशाळेतून हाकललेला माणूस खेड्यातल्या पोरांमध्ये गेला आणि तिथे त्याला दिसलं की पोरांना मार्कांआधी वस्तू हवी असते. आपल्याकडे उलटं आहे. शेजारी लातूर आहे, तिथला पॅटर्न आहे, आणि सहावीपासून फाउंडेशन बॅच आहे. पोरगं विचारतं ‘असं का होतं?’ आणि आपण विचारतो ‘किती मार्काला येतं?’ मी स्वतः या गिरणीतून पीठ होऊन बाहेर पडलोय. मला नोकरी लागली, गिरणी चालते यात वाद नाही. पण माझ्या बॅचमधल्या ज्यांना डॉक्टर-इंजिनिअर होता आलं नाही, त्यांच्या वाट्याला विज्ञान म्हणून काय उरलं? एक अपयश. म्युझियममध्ये नापास होता येत नाही. अण्णांसारखा आठवीतून सुटलेला माणूसही तिथे पूर्ण तिकिटाचा मालक असतो.

जाता जाता आमच्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडतो. म्युझियम म्हटलं की काही जण लगेच वैज्ञानिक दृष्टिकोन काढतात, १९७६ ला घटनेत आलेलं मूलभूत कर्तव्य काढतात. सगळं खरं आहे. पण काढ्यासारखं पाजलं तर पोरं पळतील. कर्तव्य म्हणून कोणी चुंबक दहा वेळा सोडत नाही. मजा येते म्हणून सोडतं. दृष्टिकोन आलाच तर त्या दहाव्या वेळेनंतर येतो.

‘आधी पाणी द्या’

हे सगळ्यात जड उत्तर आहे, कारण ते प्रामाणिक आहे. घागरीच्या रांगेत मीही उभा राहिलोय. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये वर्गमित्र बसलेले पाहिलेत. म्हणून हे उत्तर टाळणार नाही.

बीड शहराजवळ खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीत सलाबतखानाने ती बांधून घेतली, बांधणारा राजा भास्कर म्हणून सांगितला जातो. विहिरीतलं पाणी जमिनीखालच्या मार्गांनी, निव्वळ उताराच्या जोरावर, दूर बारा हजारीच्या शेतांपर्यंत जातं. तिथे वीज नाही, मोटर नाही, त्यामुळे अण्णांच्या दुकानाला तिचं गिऱ्हाईक कधी मिळालं नाही. दुष्काळातही टिकणारी विहीर अशी तिची ख्याती आहे.

शाळेने आम्हाला तिथे नेलं होतं. दहा मिनिटं. ‘खूप जुनी आहे, वाकू नका, चला.’ एवढ्या उताराचा हिशेब त्या काळी कसा केला असेल, हे कोणी विचारलं नाही. मग देवदर्शन झालं आणि डबे खाल्ले. आपल्या जिल्ह्यातलं विज्ञानाचं सगळ्यात मोठं उपकरण पाण्याचंच आहे, आणि आपण म्हणतोय आधी पाणी, मग विज्ञान!

अजून एक. आपण काळ्या खडकावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दख्खनचा कातळ झाला. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि सांध्यांत राहतं. म्हणून तर शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि वीस फुटांवर आपल्या बोअरला नुसता फुफाटा उडतो. दरवर्षी लोक पाणाड्याच्या तळहातावरच्या नारळाकडे बघून कर्ज काढतात. त्याला हसून काही होणार नाही. पण एखाद्या हॉलमध्ये या कातळाचा उभा छेद ठेवला, वरून पाणी ओतायला तांब्या दिला आणि ते कुठे जातं ते पोरांना बघू दिलं, तर? मला वाटतं ते बीडमधलं सगळ्यात गर्दीचं ठिकाण होईल. पोरांपेक्षा बाप जास्त येतील.

आणि आपल्याकडे दाखवायला काही नाही असं कोणी म्हणू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एक अवाढव्य डायनासोर सापडला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने त्यावर काम केलं, हाडं तिकडे आहेत, आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं इसिसॉरस. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातलं दगड झालेलं शेण मिळालं. त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि २००५ मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर झालं. डायनासोरच्या काळात अशी गवतं नव्हतीच, हा जगभरचा समज त्या शेणाने मोडला. आपली मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते. तिच्याच खोऱ्यात, पुढे लातूर जिल्ह्यात, हत्ती आणि पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेत. ज्या नदीवरून आपण टँकरसाठी भांडतो, तिच्यात कधीकाळी पाणघोडे डुंबत होते! हे बीडच्या दहावीच्या पोराला माहीत नसेल, तर त्याचं नुकसान मार्कांत मोजता येणार नाही.

मोठी इमारत मागतोय असं समजू नका. म्युझियम चाकांवर घालून खेड्यात नेण्याचं काम आपल्या देशात १९६५ पासून सुरू आहे. कोलकात्याच्या बिर्ला म्युझियमने बसमध्ये प्रयोग मांडून ती फिरवायला सुरुवात केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही २०१५ मध्ये फिरती बस काढली. आपल्याकडे लालपरी वाडीवस्तीवर जाते. एक जुनी गाडी, वीस साधी उपकरणं, आणि ‘हात लावा’ असं लिहिलेली पाटी. वर्षभर अकरा तालुक्यांत फिरवा. लग्नातल्या एका रात्रीच्या डीजेवर, फ्लेक्सवर आपण काय उधळतो ते सगळ्यांना माहीत आहे. पैसे नाहीत हे कारण मला सांगू नका.

वरळीहून परत गेल्यावर अण्णांनी माझ्याकडून दोन जोरदार चुंबकं ऑनलाइन मागवून घेतली. एसीवाल्याकडून जाड तांब्याच्या नळीचा हातभर तुकडा आणला आणि तो दुकानात काउंटरवर उभा केला. मोटर न्यायला आलेली माणसं थांबतात तेव्हा चुंबक सोडत बसतात. शाळा सुटली की पोरं येतात. एकाने परवा विचारलं म्हणे, ‘नळी लांब केली तर चुंबक मधीच थांबंल का?’ अण्णांनी मला फोन केला. मला उत्तर माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. म्हणालो, ‘लांब नळी आणा आणि बघा.’

ग्रुपवर पुढच्या वर्षी पुन्हा पैसे जमतील. मी पुन्हा तोच मेसेज टाकणार आहे.